प्रेस खेळताना मुलगा पहिल्या दोन पावलांतच चकतो, काय करावं?

डावा_कोपरा

नमस्कार मंडळी. अमेरिकन फुटबॉल, म्हणजे हातात चेंडू धरून खेळतात तो, पाहणारं इथे कोणी असेल तर मदत करा.

आम्ही ओहायोत राहतो. मुलगा सोफोमोर, म्हणजे दहावीत. शाळेच्या ज्युनिअर व्हार्सिटी, म्हणजे दुय्यम संघात कॉर्नरबॅक खेळतो, म्हणजे समोरच्या रिसीव्हरला (फेकलेला चेंडू झेलणाऱ्याला) रोखणारा बचावपटू. उंची ५ फूट ८ इंच, वजन जेमतेम १४० पौंड, पण पाय चपळ आहेत. रिसीव्हरपासून ६-७ यार्ड मागे उभा राहिला की छान खेळतो. कोचने प्रेस सांगितलं, म्हणजे रिसीव्हरच्या अगदी नाकासमोर उभं राहायचं, की संपलं. गेल्या शनिवारी तीनदा चकला. दोनदा रिसीव्हर आतल्या बाजूने तिरका पळाला (स्लँट), आणि एकदा बाजूच्या रेषेलगत सरळ निघून गेला. तो टचडाऊन, म्हणजे समोरच्यांना थेट गुण.

मी स्टँडमधून फोनवर शूटिंग केलं होतं. घरी पाहिलं तर तिन्ही वेळा एकच चित्र. स्नॅप झाला रे झाला, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळ सुरू झाला, की आमचे चिरंजीव दोन्ही हात पुढे करून झेपावतात, समोरचा खांदा चुकवतो, आणि हातात हवा. कोच बाहेरून एकच शब्द ओरडतात, "पेशन्स!" पोराला त्याचा अर्थ कळत नाही, आणि मलाही.

आता कबुली. मी कॉलेजात कबड्डी खेळायचो, डावा कोपरारक्षक. त्यामुळे मीच त्याला सांगितलं होतं, "तो हलायच्या आत धर त्याला." बहुतेक मीच वाट लावली.

तर आधी हात की आधी पाय? बघायचं कुठे? आणि हात लावायची परवानगी नक्की किती? टीव्हीवर सारखं ५ यार्ड, ५ यार्ड म्हणतात. शिवाय दोन रिसीव्हर एकामागे एक उभे राहिले की तो पार गोंधळतो, त्यावरही सांगा.

हिरवळ_४२

दादा, तुमची वाट बरोबर होती, फक्त अर्धी सांगितलीत. त्यावर शेवटी येतो.

मी दिवसा सॉफ्टवेअरची नोकरी करतो आणि संध्याकाळी एका हायस्कूलच्या डिफेन्सिव्ह बॅक्सना, म्हणजे कॉर्नर आणि सेफ्टी या मागच्या बचावपटूंना, शिकवतो. अकरावा सीझन चालू आहे. दरवर्षी ऑगस्टमध्ये नवी पोरं येतात आणि दरवर्षी हीच चूक घेऊन येतात, त्यामुळे तुमचा व्हिडिओ न बघताही मला दिसला.

प्रेसमध्ये रिसीव्हरला माहीत असतं कुठे जायचंय. कॉर्नरला माहीत नसतं. कॉर्नरकडे एकच गोष्ट असते, ती म्हणजे थांबायची मुभा. त्याच्या आधी तुम्ही हललात तर ती मुभाही तुम्ही त्याच्या हातात दिली. त्याने ठरवलेलं असो वा नसो, तुमचं वजन पुढे आलं की तो मोकळ्या बाजूने जातो. कोचचा "पेशन्स" म्हणजे एवढंच: पहिलं पाऊल त्याला टाकू दे.

पण थांबायचं म्हणजे खांबासारखं नाही. पाय खांद्यांच्या रुंदीपेक्षा किंचित कमी, वजन चवड्यांवर, टाचा जेमतेम टेकलेल्या, छाती गुडघ्यांच्या वर. स्नॅपला पुढे काही जायचं नाही. तो डावीकडे सरकला की तेवढंच आडवं सरकायचं, छोटी पावलं, वीतभर. दोन्ही पाय एकमेकांजवळ आले किंवा एकावर एक चढले की खेळ खलास. याला मिरर म्हणतात, आणि आरशासारखंच आहे ते: आरसा आधी हलत नाही.

बघायचं कुठे? डोकं खोटं बोलतं, खांदे खोटं बोलतात, पाय तर नाचतातच. कंबर खोटं बोलत नाही. जर्सीवरच्या आकड्याच्या खालच्या कडेपासून कमरेच्या पट्ट्यापर्यंत जो भाग आहे, नजर तिथे खिळवायची. क्वार्टरबॅककडे, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याकडे, बघायचंच नाही. माझ्याकडची निम्मी पोरं तिथे चोरून बघतात आणि मग म्हणतात, "कोच, तो कुठे गेला?"

आता हात. दोन्ही हात एकदम टाकले की दोन्ही पाय जमिनीत रुततात, करून बघा घरात. म्हणून एकच हात, आणि तोही उलटा. रिसीव्हर तुमच्या उजवीकडे गेला तर उजवी कंबर उघडायची (म्हणजे त्या बाजूला वळवायची), उजवा पाय मागे तिरका टाकायचा, आणि डावा हात त्याच्या छातीच्या जवळच्या बाजूला. उजवा हात टाकलात तर शरीराला पीळ बसतो आणि कंबर उघडतच नाही. तळव्याने ठोसायचं, अंगठा वर. बोटं जर्सीत वळली की पंचाचा पिवळा रुमाल आलाच. आणि हा ठोसा त्याला आडवं पाडायला नसतोच. अर्धा सेकंद उशीर झाला तरी पुष्कळ, कारण क्वार्टरबॅकची पावलं आणि रिसीव्हरची धाव एका ठेक्यात बसवलेली असते.

हाताला काहीच लागलं नाही तरी बिघडत नाही. कंबर योग्य बाजूला उघडली आणि तुमचा पोरगा रिसीव्हरच्या खांद्याला खांदा लावून पळतोय, तर प्रेस जमला. हे मी पालकांना सांगून थकलो. स्टँडमधून ठोसाच दिसतो, पाय दिसत नाहीत.

दुसरी गोष्ट, जी तुम्ही विचारली नाहीत: मुलगा नक्की कुठे उभा राहतो? अगदी समोर, का अर्धा माणूस आत (मैदानाच्या मध्याकडे), का बाहेर? दोन स्लँट गेले म्हणजे मला शंका आहे की तो नाकासमोर किंवा बाहेर उभा होता. त्याला विचारा, "तुझी मदत कुठे आहे?" मागे कोणीच नसेल (कव्हर झिरो) तर आत उभं राहायचं, आतला रस्ता बंद, आणि त्याला बाजूच्या रेषेकडे ढकलत न्यायचं. ती रेषा म्हणजे फुकटचा बारावा डिफेंडर. कव्हर टूमध्ये उलटं: मागे अर्धं मैदान सेफ्टीकडे आहे, म्हणून कॉर्नर बाहेर उभा राहून रिसीव्हरला आत वळवतो. कव्हर थ्रीमध्ये पुष्कळदा प्रेसचं नुसतं सोंग असतं, स्नॅपच्या आसपास वळून मागे पळायचं, कारण मागच्या खोल मैदानाचा एक तृतीयांश भाग तुमचा. पोराला मदत कुठे ते माहीत नसेल तर पायांचं कितीही घोटून उपयोग नाही.

नियम. ५ यार्ड हा एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक लीगचा नियम. तिथे क्वार्टरबॅक चेंडू घेऊन पॉकेटमध्ये (आपल्या रक्षकांच्या कोंडाळ्यात) असेपर्यंत लाइनच्या, म्हणजे खेळ सुरू होतो त्या रेषेच्या, ५ यार्डांपलीकडे रिसीव्हरला अडवता येत नाही, दंड ५ यार्ड आणि आपोआप फर्स्ट डाऊन, म्हणजे समोरच्यांना नव्याने चार संधी. शाळेत अशी रेषाच नाही. रिसीव्हर समोर आहे, म्हणजे ब्लॉक करू शकतो, तोवर हात चालतो. तो तुमच्या बरोबरीला आला किंवा दूर निघाला की हात काढायचा. चेंडू हवेत गेल्यावर तर प्रश्नच नाही, ते पास इंटरफिअरन्स (झेलात बेकायदा अडथळा), दंड १५ यार्ड. (टेक्ससचे कोणी वाचत असाल तर तुमच्याकडे शाळासुद्धा कॉलेजच्या नियमांनी खेळतात, तिथल्या पंचांना विचारा.)

आणि कबड्डी. तुम्ही डावा कोपरा होतात ना? चढाईपटू आत आल्या आल्या उडी मारायचात का? नाही. त्याचा पाय आत येईपर्यंत दबा धरून बसायचात. पोराला "धर" सांगितलंत, "दबा धर" सांगायचं राहिलं.

सुटलो_एकदाचा

वरच्या कोचसाहेबांना शंभर टक्के अनुमोदन, फक्त पलीकडच्या बाजूने. मी चार वर्षं रिसीव्हर होतो, कॉलेजच्या क्लब संघात, फार मोठं काही नाही.

झेपावणारा कॉर्नर म्हणजे आमची दिवाळी. मी स्नॅपला जागच्या जागी दोन पावलं थरथरवायचो, तो हात टाकायचा, मी तो वरून खाली झटकायचो आणि निघून जायचो. यात माझं कौशल्य शून्य. मला त्रास द्यायचे ते शांत उभे राहणारे. मी डावीकडे नाचलो, ते तिथे. उजवीकडे नाचलो, तिथेही. तिसऱ्या नाचापर्यंत आमचा क्वार्टरबॅक खाली पडलेला असायचा.

पोराला एक गंमत सांगा. स्नॅपच्या आधी रिसीव्हर बाजूच्या रेषेपासून किती लांब उभा आहे ते बघायला. नेहमीपेक्षा रेषेजवळ असेल तर बाहेर जायला जागाच नाही, बहुधा आत येणार. नेहमीपेक्षा आत उभा असेल तर बाहेरचा रस्ता त्याने स्वतःसाठी राखलाय. नेहमीच खरं नसतं, पण मी स्वतः इतक्या वेळा असा पकडला गेलोय की काय सांगू.

सिअ‍ॅटलचा एनएफएल खेळाडू रिचर्ड शर्मन आठवा. स्टॅनफर्डला तो आधी रिसीव्हर होता, मग कॉर्नर झाला. २०११ ला एनएफएलच्या खेळाडू-निवडीत पाचव्या फेरीत निवडला गेला, आणि २०१३ ला लीगमध्ये सर्वाधिक ८ इंटरसेप्शन्स, म्हणजे समोरच्यांचे पास मध्येच झेलले. समोरच्याच्या डोक्यात काय चाललंय ते त्याने आधी स्वतः करून पाहिलं होतं. तुमच्या मुलाला सरावात आठवड्यातून एकदा रिसीव्हर म्हणून उभं करा.

तिसरा_डाऊन

जरा विरोधी सूर. शर्मन ६ फूट ३ इंच, हात लांबलचक. ज्याच्या नावाने लोक १९७८ चा ५ यार्डांचा नियम ओळखतात, तो स्टीलर्स संघाचा कॉर्नर मेल ब्लाउंटही तेवढाच उंच. १९७५ ला त्याने ११ इंटरसेप्शन्स घेतली. तेव्हा चेंडू सुटेपर्यंत रिसीव्हरला वाटेल तिथे अडवता यायचं, आणि असा दांडगा माणूस समोर असला की बिचाऱ्यांना लाइनच सोडता यायची नाही. प्रेस हा अशा देहांचा खेळ आहे. ५ फूट ८ इंचांच्या पोराला प्रेसमध्ये कशाला उभं करायचं? मागे उभा राहून तो चांगला खेळतोय, असं तुम्हीच लिहिलंय. कोचशी बोला.

हिरवळ_४२

@तिसरा_डाऊन, ब्लाउंटचं बरोबर, निष्कर्ष मान्य नाही. कॉर्नर डॅरेल रेव्हिस ५ फूट ११ इंच होता आणि २००९ ला जेट्स संघाकडून त्याने एकेका नावाजलेल्या रिसीव्हरला एकट्याने गप्प बसवलं. तेही पायांवर. हात लांब असले की चूक झाकली जाते, एवढाच उंचीचा फायदा. बुटक्या पोराला चूक परवडत नाही, म्हणून त्याने थांबायला जास्तच शिकलं पाहिजे. आणि कायम ७ यार्ड मागे उभा राहणारा कॉर्नर म्हणजे समोरच्यांना दर खेपेला ५ यार्डांचा आहेर.

शिवाय कोचशी बोला म्हणजे काय? पालकांनी कोणती कव्हरेज (बचावाची मांडणी) लावायची ते कोचला सांगायला जाऊ नका हो. पोटतिडकीने सांगतोय.

डावा_कोपरा

बापरे, एवढं सविस्तर! मनापासून आभार. मुलाला विचारलं, "तुझी मदत कुठे होती?" तो म्हणाला, "बाबा, त्या तिन्ही वेळा झिरो होतं. मी बाहेर उभा होतो." मग स्वतःच कपाळाला हात लावला. कोचने बहुतेक सांगितलं असणार, त्याने ऐकलं नसणार.

काल दबा धरण्याचं सांगितलं. ते त्याला लगेच पटलं, कारण माझे कबड्डीचे किस्से त्याने लहानपणापासून नाइलाजाने ऐकलेत.

एकामागे एक उभे राहणाऱ्या दोघांचं राहिलंच.

हिरवळ_४२

हो, ते स्टॅक. अकरापैकी चार जण लाइनच्या मागे उभे राहू शकतात. म्हणून पुढचा रिसीव्हर लाइनवर, मागचा त्याच्या पाठीशी. मागच्याला तुम्ही स्नॅपला हातच लावू शकत नाही, मध्ये त्याचाच भिडू आहे. आणि दोन्ही कॉर्नर एकाच पातळीवर उभे असतील तर पुढचा एकाच्या अंगावर जातो आणि मागचा मोकळा सुटतो.

उपाय म्हणजे पातळ्या वेगळ्या ठेवायच्या. एकाने पुढच्याला प्रेस करायचं, दुसऱ्याने ४-५ यार्ड मागे. याचं सर्वात गाजलेलं उदाहरण सगळ्यांनी पाहिलंय, पण अर्धंच. १ फेब्रुवारी २०१५, सुपर बोल (एनएफएलचा अंतिम सामना), सिअ‍ॅटल गोलरेषेपासून १ यार्डावर, पेट्रियट्स २८-२४ पुढे. पेट्रियट्सच्या माल्कम बटलरचं ते इंटरसेप्शन. सिअ‍ॅटलच्या स्टॅकमध्ये पुढे जर्मेन कर्स होता, मागे रिकार्डो लॉकेट. कर्सचं काम बटलरच्या वाटेत आडवं येणं. बटलरचा जोडीदार ब्रँडन ब्राउनरने कर्सला लाइनवरच थोपवलं, हलूच दिलं नाही. म्हणून मागे उभ्या बटलरला सरळ, मोकळी वाट मिळाली आणि लॉकेटच्या आधी तो चेंडूवर पोचला. ब्राउनर आधीची काही वर्षं सिअ‍ॅटलमध्येच खेळलेला. नाव बटलरचं झालं, व्हायलाच हवं होतं. पण मी पोरांना ती क्लिप दाखवतो तेव्हा बटलरवर कागद धरतो आणि फक्त ब्राउनर बघायला लावतो.

तुमच्या मुलाने आपल्या जोडीदाराशी स्नॅपच्या आधी बोललं पाहिजे. "तू पुढचा, मी मागचा", किंवा "आत जाईल तो तुझा, बाहेर येईल तो माझा". दोन्ही चालतं, न बोलणं चालत नाही.

पुढच्या शनिवारी शूटिंग करणार असाल तर चेंडूमागे फोन फिरवू नका. स्नॅपपासून तीन सेकंद फक्त त्याच्या कमरेखालचं दिसलं पाहिजे. आणि फोन आडवा धरा.