मदत हवी आहे: दमा असलेल्या लेकीला शाळेत पाठवू का?

कोविडमुळे बंद झालेल्या मुंबईतल्या शाळा २४ जानेवारी २०२२ पासून पुन्हा सुरू होतायत. लेक तिसरीत आहे. तिला बाळदमा आहे, थंडीत पंप (इनहेलर) लागतोच. कोविडची लस सध्या (जानेवारी २०२२) १५ वर्षांपुढच्यांनाच, त्यामुळे ती त्यात बसत नाही. लहान मुलांना कोविड बहुधा सौम्य होतो, हे डॉक्टरांनी समजावलंय आणि पटतंही. खरी धास्ती सासूबाईंना लागण होण्याची. वय ७२, मधुमेह. दोन्ही डोस झालेत, तरी जीव घाबरतो. शाळेचं संमतीपत्र तीन दिवस फ्रिजवर पडून आहे, सही करायला हात धजत नाही. लेक मात्र रोज रात्री दप्तर भरून ठेवते.

दमा असलेल्या मुलांच्या आईबाबांनो, डिसेंबरात शाळा उघडल्या तेव्हा तुम्ही काय केलंत? डबा खाताना मास्क निघतो, तेव्हा मुलांना कुठे बसवतात? पंप दप्तरात ठेवायचा की बाईंकडे द्यायचा? कृपया सांगा.