१९९१ ची मियाटा गॅरेजात उभी आहे, आधी टर्बो करू की आधी गंज बघू?

पॉपअप_९१:

मंडळी नमस्कार, बरेच वर्षांचं स्वप्न होतं ते पूर्ण झालं, माझदाची पहिल्या पिढीची एमएक्स-५ (हीच मियाटा) घेतली, १९९१ ची, १.६ लिटर इंजिनवाली, ते उघडणारे हेडलाइट असलेली. तीन वर्षं कव्हरखाली उभी होती, त्याआधी काय काय काम झालंय याचे कागद काहीच नाहीत. इंजिन चालू होतं, थंड असताना वरून टिकटिक येते दोन-तीन मिनिटं, मग थांबते. ब्रेकचं पेडल मऊ लागतं, आणि थोडं फिरवून आणली की पुढचं एक चाक बाकीच्यांपेक्षा खूप गरम होतं. ड्रायव्हरच्या सीटमागचं कार्पेट ओलसर आहे आणि त्याच बाजूला दरवाज्याखाली, मागच्या चाकाजवळ, रंगाला फोड आलेत.

माझ्याकडे एका गाडीपुरतं गॅरेज, ट्रॉली जॅक, दोन जॅक स्टँड, सॉकेटचा पूर्ण सेट आणि एक छोटं मिग वेल्डिंग आहे (साधा पत्रा जोडलाय, गाडीवर कधीच नाही). हातात शनिवार-रविवार. मनात टर्बो आहे, खोटं कशाला बोलू, गाडी घेतानाच डोक्यात तेच होतं. पण एवढं सगळं बघून कळत नाहीये कुठून सुरुवात करू. टर्बोचं सामान जमवता जमवता बाकीची कामं करत जाऊ का, की आधी हे सगळं संपवू? तुम्ही कुठल्या क्रमाने केलं असतं?

---

दहानंबर_पाना:

अभिनंदन मित्रा, गाडी मस्त निवडलीस. पण तू लिहिलेल्यातली माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ओलं कार्पेट, कारण ते कार्पेट आणि ते रंगाचे फोड हा एकच आजार आहे. छतावरचं पाणी मागच्या पन्हळीत जमतं, तिथून दोन्ही दरवाज्यांच्या मागे एकेक भोक आणि नळी असते, ती मागच्या चाकाच्या पुढे गाडीखाली उघडते. पानं-माती जाऊन नळी तुंबली की पाणी आत वळतं, थोडं कार्पेटवर येतं आणि बाकीचं सिलमध्ये (दरवाज्याखालच्या लांब पोकळ पत्र्यात) साठून पत्रा आतून खातं. म्हणून बाहेर फोड दिसतो तेव्हा आतलं काम बरंच आधी सुरू झालेलं असतं. आज रात्रीच एक कर, मऊ प्लॅस्टिकची वायर घालून दोन्ही नळ्या मोकळ्या कर (कडक तार घालू नको, नळी फाटते), वरून बाटलीभर पाणी ओत आणि खाली तेवढंच येतं का बघ. पाणी आत जायचं थांबत नाही तोवर वेल्डिंग करून काही उपयोग नाही. मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने सिल मागून पुढे ठोकत ये, आवाज बद्द झाला तिथे टोकाने दाबून बघ.

टिकटिकीचं टेन्शन घेऊ नको. या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आहेत, म्हणजे ऑइल भरून व्हॉल्व्हची फट आपोआप मिटवणारे भाग, जुनं ऑइल असलं की ते भरायला वेळ लागतो. ऑइल आणि फिल्टर बदल, शंभर-दोनशे किमी चालव, मग परत ऐक.

टायमिंग बेल्टचे (क्रँक आणि व्हॉल्व्ह यांचा ताल जुळवणारा रबरी पट्टा) कागद नाहीत म्हणजे तो बदलायचाच आहे असं धर, साधारण एक लाख किमीला बदलतात पण रबराला वयही असतं. तुझं नशीब चांगलं की १.६ मध्ये बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत. बेल्ट काढशील तेव्हा क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुढच्या पुलीत खाचा किती आहेत ते मोज. सुरुवातीच्या, म्हणजे १९९१ च्या साधारण मध्यापर्यंतच्या इंजिनांमध्ये क्रँकचं टोक आखूड आहे, त्याच्या पुलीला चार खाचा, नंतरच्यांना आठ. चार निघाल्या तर तिथली चावी (पुली दांड्यावर घसरू न देणारा छोटा तुकडा) आणि तिची खाच नीट तपास, बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या जोरानेच आवळ आणि इंजिन चालू असताना पुली डुलते का ते बघून ठेव. ज्या इंजिनाचा हा प्रश्न सुटला नाही त्यावर मी तरी टर्बो लावणार नाही.

जाता जाता रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी बघ, काळी असली तर बरं, तपकिरी-पिवळट झाली असेल तर ती कधीही चिरेल.

---

वेल्डिंगवाली:

दहानंबरनी पाण्याचं अगदी बरोबर सांगितलंय, मी फक्त सिलबद्दल लिहिते कारण तिथे मी स्वतः खूप वाईट चूक केली होती आणि ती कोणी परत करू नये असं मनापासून वाटतं.

उघड्या टपाच्या गाडीत छत ताकद देत नाही, त्यामुळे सगळा जोर सिलवर असतो. मी माझ्या पहिल्या गाडीत गाडी मधोमध जॅकवर घेतली, सडलेला पत्रा एका झटक्यात पूर्ण कापला, छान नवीन बसवला, आणि गाडी खाली उतरवल्यावर दरवाजा लागेना. मधून बॉडी हलली होती, थोडीशीच, पण ती परत जागेवर आणायला सगळं वेल्डिंग कापावं लागलं. म्हणून कापायच्या आधी दरवाज्याच्या चारी बाजूची फट मोजून लिहून ठेव, फोटो काढ. गाडी सस्पेन्शनच्या जागांखाली टेकव, मधे नाही. दरवाज्याच्या चौकटीत पुढच्या बिजागरापासून मागच्या कुलुपाच्या जागेपर्यंत चौकोनी पाइपचा आडवा टेकू बोल्टने किंवा वेल्डिंगच्या टाक्यांनी बसव आणि मगच ग्राइंडर हातात घे. एका वेळी एकच बाजू, आणि तीही तुकड्यातुकड्याने.

दुसरं म्हणजे बाहेरचा पत्रा कापला की आत आणखी थर आहेत, आतला सिल आणि मधला मजबुतीचा पत्रा. नुसत्या बाहेरच्या पत्र्यावर ठिगळ मारून वर पुट्टी आणि रंग केलेल्या गाड्या मी उघडून बघितल्यात, दिसायला छान आणि आत हाताने मोडेल असा पत्रा. आतून चकचकीत धातू लागेपर्यंत काप, मग भोक कितीही मोठं होऊ दे.

तुझ्या मिगवर ०.६ मिमीची तार आणि आर्गॉन-कार्बन डायऑक्साइडचा मिश्र गॅस लाव. एवढ्या पातळ पत्र्यावर सलग रेघ ओढायची नाही, एक टाका इथे, पुढचा हातभर लांब, मधे थंड होऊ द्यायचं, असं करत टाके जुळवायचे, नाहीतर पत्रा लाटेसारखा वाकडा होतो. आधी भंगार पत्र्यावर दोन-तीन शनिवार सराव कर, खरंच कर. बॅटरी तुझ्या गाडीत डिकीत आहे, ती काढून बाहेर ठेव, कॉम्प्युटरचा प्लग काढ, कार्पेट आणि सीट पूर्ण बाहेर, आणि पेट्रोलच्या नळ्या कुठून जातात ते हात लावून बघ. पाण्याची बादली आणि अग्निशामक हाताशी, काम संपल्यावर तासभर गॅरेज सोडू नको, कारण आवाज शोषायच्या पट्ट्यांमध्ये आग आत धुमसत राहते.

आणि हे विसरू नको: क्लोरीनवाल्या ब्रेक क्लीनरने पत्रा पुसून त्यावर वेल्डिंग केलं तर फॉस्जीन नावाचा विषारी वायू होतो. डब्यावर वाचून बिनक्लोरीनचाच आण. जस्ताचा थर असलेला पत्रा असेल तर जोडाजवळचा थर घासून काढ, त्याच्या धुराने ताप भरतो.

शेवटी रंग वाळल्यावर सिलच्या आत लांब नळीच्या स्प्रेने मेण मार, खालची पाण्याची भोकं मात्र उघडी राहिली पाहिजेत.

---

मागच्याचाकाचा_माणूस:

ताईंनी सिलचं इतकं छान सांगितलंय की त्यात भर नाही. मी ब्रेकवर येतो कारण ती गाडी सध्या रस्त्यावर आणूच नये असं माझं मत आहे.

गरम चाक: चाक वर घे, ब्रेक दोन-तीनदा दाब, सोड, चाक हाताने फिरव. जड असेल तर त्या कॅलिपरचा (डिस्कला पकडणाऱ्या ब्रेकच्या भागाचा) ब्लीड निपल, म्हणजे ऑइल-हवा बाहेर सोडायचा स्क्रू, थोडा उघड. चाक लगेच मोकळं झालं तर आत दाब अडकलाय, म्हणजे बहुतेक रबरी होज (ब्रेक ऑइलची नळी) आतून सुजलाय. मोकळं झालं नाही तर पिस्टन किंवा सरकत्या पिना जाम आहेत. पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस लाव, साधं ग्रीस लावलंस तर रबर फुगून परत जाम. निदान काहीही निघो, इतक्या जुन्या गाडीत चारही रबरी होज बदलूनच टाक.

पेडल मऊ आहे म्हणजे ब्रेक ऑइल काढायचंच. ते हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा ताजा असताना उत्कलन बिंदू किमान २३० अंश असतो आणि पाणी मुरल्यावरची किमान मर्यादा १५५, म्हणजे घाटात उतरताना जुनं ऑइल उकळून पेडल जमिनीला जाऊ शकतं. ब्लीड करताना (पेडल दाबत जुनं ऑइल आणि हवा काढताना) पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेव. इतकी वर्षं मास्टर सिलिंडरचा (पेडलला जोडलेल्या, ऑइलवर दाब देणाऱ्या भागाचा) पिस्टन ठरावीक अंतरच गेलाय, त्यापुढचा भाग गंजलेला असतो आणि पेडल तळापर्यंत दाबलं की त्याचं रबरी सील तिथे घासून फाटतं. काम चांगलं करायला गेलो आणि नवीन गळती लागली, असं खूप जणांचं याच कारणाने होतं.

आता टर्बोचं. दहानंबरशी थोडं असहमत, तुझी इच्छा आहे तर कर, त्यासाठीच माणूस अशी गाडी घेतो. पण १.६ मधलं मागचं डिफ (डिफरेन्शियल, जोर मागच्या दोन चाकांत वाटणारा गिअर) ६ इंची आहे, लहान, वाढलेला जोर त्याला झेपत नाही. १९९४ पासून १.८ लिटर इंजिनाबरोबर ७ इंची आलं, ते घ्यायचं तर ड्राइव्ह शाफ्ट आणि प्रोपेलर शाफ्टही त्याच गाडीचे लागतात. हवा मोजायला तुझ्याकडे फडफडणाऱ्या झडपेचा मीटर आहे, तो टर्बोला आड येतो, म्हणजे कॉम्प्युटरही बदलायचा. मूळ इंजिन ११५ अश्वशक्तीच्या आसपास, गाडी टनाच्या आतबाहेर, त्यात १.८ चे ब्रेक आणि चांगले टायर टाक आणि एक मोसम तशीच चालवून बघ. १.८ चे कॅलिपर, ब्रॅकेट आणि डिस्क बोल्टनेच बसतात, पुढची डिस्क २३५ ची २५५ मिमी होते आणि १४ इंची चाकंही चालतात. टायरवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी कितीही शिल्लक असू दे, दहा वर्षांपुढचा टायर काढून टाक.

बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी तुकडे) बदलशील तेव्हा रबराचेच घे असं माझं मत, पॉलियुरेथेनला वेळोवेळी ग्रीस लागतं आणि गाडी दणके देते. पण रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. हवेत लटकत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं.

---

पॉपअप_९१:

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं मनापासून लिहिलंत. कालच नळ्या बघितल्या. ड्रायव्हरच्या बाजूची पूर्ण बंद होती, मूठभर काळी माती निघाली, दुसरी मोकळी आहे. सिल ठोकत आलो तर चाकापासून वीतभर ठीक वाटलं आणि मग स्क्रू ड्रायव्हर सरळ आत गेला. पाणीही आलं बाहेर. वाईट वाटलं पण कळलं तरी.

गरम चाकाचा निपल उघडला आणि चाक लगेच फिरलं, म्हणजे होज. चारही मागवतोय. टर्बो या वर्षी नाही, ठरलं. पुली बेल्टच्या वेळी बघेन.

ताई एक विचारायचं होतं, टेकू लावायला दरवाजा काढावाच लागेल का? आणि दरवाजा काढला तर फट कशी तपासणार?

---

वेल्डिंगवाली:

दरवाजा काढायचा, पण बिजागर बॉडीला जिथे बसलंय तिथे आधी त्याच्या कडेने खिळ्याने बारीक रेघ मारून ठेव, म्हणजे परत बरोबर त्याच जागी बसेल. टेकू बोल्टचा केलास तर तो सोडून दरवाजा टांगून बघता येतो. मी नुसते टाके मारल्यावर एकदा, पूर्ण जोडण्याआधी एकदा, असं दोनदा बघते. टाक्यांच्या वेळी मिलिमीटरभर फरक निघाला तर टाके तोडून परत करायला दहा मिनिटं लागतात. दरवाजा जड आहे, टांगताना एकटा राहू नको, कोणाला तरी बोलव. आणि कापल्यावर आतल्या थराचा फोटो टाक इथे, किती घ्यायचा ते बघून सांगते.