संवाद बुडतात ते कुठे

नव्या मराठी चित्रपटांत नट तोंडातल्या तोंडात बोलतात म्हणून संवाद कळत नाहीत, ही तक्रार पूर्ण पटत नाही. मिक्सिंग करताना, म्हणजे संवाद, संगीत आणि इतर आवाज एकत्र जुळवताना, थिएटरच्या साउंड प्रोसेसरचा (आवाज कमी-जास्त करणाऱ्या यंत्राचा) आवाज 0 ते 10 पैकी 7 वर धरलेला असतो. जाहिराती, ट्रेलर कर्कश वाटतात म्हणून अनेक ठिकाणी तो 5 च्या आसपास आणतात आणि चित्रपटभर तसाच ठेवतात. मग पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येणारं हळू बोलणं गेलंच! पहिल्या पाच मिनिटांत बाहेर जाऊन मॅनेजरला सांगा, आवाज लगेच वाढवता येतो. तिकीट काढताना कडेची खुर्ची टाळा, तिथे बाजूचे स्पीकर कानाशी येतात. पडद्यापासून दोन-तृतीयांश अंतरावरची मधली जागा उत्तम. शूटिंगलाच माइक लांब राहिला असेल तर मात्र इलाज नाही, तिथे डबिंगच हवं, म्हणजे संवाद स्टुडिओत पुन्हा बोलून घ्यायचे. पुण्यात प्रभातने 1936 साली केलेल्या 'संत तुकाराम'चा आवाज मोनो, म्हणजे सगळा एकाच ट्रॅकवरचा, तरी अभंगाचा शब्द न् शब्द पोचतो.