अनुभव धागा : लिनक्सवर वायफायची कळ आपल्या सोयीची कशी करून घेतली?

बहुतेक लॅपटॉपवर विमानाचे चित्र असलेली एक कळ असते. लिनक्स टाकल्यावर ती कधी काहीच करत नाही, तर कधी वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही एकदम बंद करते. मराठवाड्यातील सभासदांनी आपले अनुभव येथे लिहावेत. नुसते ‘जमले’ असे न लिहिता, बदल नेमका कोठे केला तेही सांगावे.

लातूरहून :
माझा माऊस ब्लूटूथवरचा असल्यामुळे मला कळीने फक्त वायफाय बंद व्हायला हवे होते. ‘इव्हीटेस्ट’ (कोणती कळ काय संकेत पाठवते ते दाखवणारे साधन) चालवल्यावर दिसले की ही कळ कीबोर्डकडून येतच नाही, हॉटकींच्या वेगळ्या उपकरणाकडून येते, आणि तिचा संकेत २४७, म्हणजे ‘आरएफकिल’ (सर्व बिनतारी जोडण्या बंद-चालू करणारा), आहे. तिला ‘डब्ल्यूलॅन’ (वायफाय) असा संकेत देऊन भागत नाही, कारण नोम हा डेस्कटॉप तोही विमान मोड म्हणूनच घेतो. म्हणून यूडेव्हच्या (उपकरणे सांभाळणाऱ्या भागाच्या) एचडब्ल्यूडीबी या हार्डवेअरच्या नोंदींमध्ये त्या कळीच्या स्कॅनकोडला (मूळ क्रमांकाला) ‘प्रॉग१’ हा मोकळा संकेत दिला, आणि नोमच्या शॉर्टकटमध्ये त्यावर ‘एनएमसीएलआय’ या नेटवर्कच्या आज्ञेने वायफाय चालू असल्यास बंद व बंद असल्यास चालू करणारी छोटी स्क्रिप्ट बसवली. एचडब्ल्यूडीबीच्या फाइलमध्ये स्कॅनकोड व संकेताची ओळ एक जागा सोडून सुरू करावी लागते. नाहीतर नियम लागूच होत नाही.

परभणीहून :
‘आरएफकिल लिस्ट’ या आज्ञेत ‘हार्ड ब्लॉक्ड : येस’ (म्हणजे वायफाय हार्डवेअरच्या बटणाने बंद) दिसत होते, आणि माझ्या लॅपटॉपला तर वायफायचे बटणच नाही! उत्पादकाचे कर्नल मॉड्यूल (लिनक्सच्या गाभ्याचा जोडभाग) नसलेले बटण बंद असल्याचे कळवत होते. हार्ड ब्लॉक ‘अनब्लॉक’ आज्ञेने सुटत नाही, म्हणून ते मॉड्यूलच ब्लॅकलिस्ट केले, म्हणजे सुरू होण्यापासून रोखले. त्यासोबत इतर काही हॉटकीही गेल्या, पण त्यांच्यावाचून माझे अडले नाही.

बीडहून :
कळ दाबून लॅपटॉप बंद केला, की पुढच्या वेळी वायफाय बंदच असे. सिस्टमडी (लिनक्स सुरू करून सेवा चालवणारा भाग) ही स्थिती जपून ठेवते. ‘सिस्टमडी-आरएफकिल’ची सर्व्हिस व सॉकेट दोन्ही मास्क (पूर्ण बंद) केल्यावर ते थांबले.

अंबाजोगाईहून :
लातूरच्या ताईंच्या पद्धतीचा आणखी एक फायदा आहे. ‘एक्समॉडमॅप’ या कळा बदलण्याच्या साधनाने केलेला बदल वेलँड या नव्या डिस्प्ले-पद्धतीवर उपयोगी पडत नाही; एचडब्ल्यूडीबीतला बदल मात्र कर्नलच्या कळ-नकाशातच होत असल्याने जुन्या एक्स११ व वेलँड दोन्हींवर टिकतो. फाइल बदलल्यावर ‘सिस्टमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट’ आणि मग ‘यूडेव्हएडीएम ट्रिगर’ चालवले, तर रीस्टार्टचीही गरज पडत नाही.