उलट्या थांबेनात, आणि भाऊ न्हाणीतून बाहेर येईना

खानापूरची ताई:
मंडळी, जरा सांगा. धाकट्या भावाला कॉलेजपासून गांजाचा नाद, आता रोजचाच. वर्षभर मधूनमधून पहाटे ओकाऱ्या सुरू होतात, मग पाण्याचा घोटही ठरत नाही. एंडोस्कोपी, सोनोग्राफी नॉर्मल. पित्त म्हणून गोळ्या चालूच. आणि सारखा बंब पेटवायला लावतो! कढत पाणी पोटावर ओतत बसतो, तेवढ्यापुरता शांत. कातडी लालभडक झालीय. आई म्हणते करणी. तो म्हणतो गांजानंच बरं वाटतं, की आणखी ओढतो. कालपासून लघवी जवळजवळ नाही, पिंडऱ्यांत गोळे येतात.

निपाणीची सिस्टर:
ताई, आधी गाडी काढा, बाकीचं वाटेत वाचा. लघवी बंद आणि गोळे म्हणजे अंगातलं पाणी, क्षार उतरलेत. किडनी बसू शकते, पोटॅशियम फार घसरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. सलाईन आणि रक्ततपासणी आजच. उलटीत रक्त दिसलं तर लगेच सांगा, जोर करून अन्ननलिका आतून चिरते.
बंबाचं वाचलं आणि मला पहिला संशय गांजाचाच आला. गांजानं होणाऱ्या अशा अनावर उलट्यांना कॅनाबिनॉइड हायपरएमेसिस म्हणतात. २००४ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी लिहिलेले रुग्णही असेच गरम पाण्याखाली बसायचे. गांजा एरवी मळमळ दाबतो, वर्षानुवर्षं ओढला की काहींच्यात उलटाच फिरतो. हे भल्याभल्यांना पटत नाही. बाकीची कारणं डॉक्टर तपासतीलच, पण गांजाचं लपवू नका.

चिकोडीकर:
मी यातनं गेलोय. उलटीचं नेहमीचं इंजेक्शन चालेना. खरं सांगितल्यावर हॅलोपेरिडॉल नावाचं वेगळं औषध दिलं, पोटाला कॅप्सेसिनचं मलम, म्हणजे मिरचीतला तिखटपणा. (घरची संकेश्वरी मिरची वाटून चोळू नका हां!) गांजा सोडल्यावरही मळमळ काही आठवडे रेंगाळली, तो चरबीत साठून राहतो म्हणे. मधे एका लग्नात दोन झुरके मारले, परत तेच.

खानापूरची ताई:
निघालोय. पोलीस केस होईल म्हणून अण्णा घाबरलेत.

निपाणीची सिस्टर:
डॉक्टरांना उलटी थांबवायची असते हो, झडती घ्यायची नसते. आणि अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यात कलम ६४अ आहे, थोड्या मालात सापडलेल्या व्यसनी माणसानं आपणहून उपचार पुरे केले तर खटल्यातून सूट मिळते. पुडी मात्र घरातच काढून घ्या. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ वर फोन लागतो, पण ते उद्या. वॉर्डात तो गरम पाणी मागेल, एकट्याला न्हाणीत सोडू नका, अशात चक्कर येऊन पडतात.