जंगलात-डोंगरात माणसं गायब होतात ती नक्की जातात कुठे?

निशाचर_७
मंडळी, सध्या रात्री झोपायचं सोडून अमेरिकेतल्या नॅशनल पार्कांमधल्या मिसिंग केसेसचे व्हिडिओ बघत बसतोय आणि डोक्याला नुसता भुंगा लागलाय. सगळीकडे तेच तेच. माणूस ग्रुपमध्ये सगळ्यात मागे होता, जरा नजर हटली आणि गायब, कुत्र्यांना वास लागेना, लगेच हवा बिघडली, आणि बॉडी मिळालीच तर मोठ्या दगडांजवळ नाहीतर पाण्याजवळ, आधी शोधून झालेल्या जागेत, तीही कपडे-बूट काढलेल्या अवस्थेत. भूतबित मी मानत नाही पण इतक्या ठिकाणी एकच पॅटर्न कसा काय? आणि हेलिकॉप्टर, कुत्री, शेकडो माणसं लावून पण माणूस मिळत नाही हे काही पटत नाही राव. कोणी रेस्क्यूमध्ये असेल तर सांगा प्लीज. एलियनवाल्यांनी लांब राहावं.

परग्रहवासी
लांबूनच वाचतोय 🙂

दोरखंड
मी सर्च अँड रेस्क्यूत व्हॉलंटियर आहे, जमेल तेवढं सांगतो. कपड्यांचं आधी घेतो कारण ते सगळ्यात सोपं. थंडीने शरीराचं तापमान घसरायला लागलं की शरीर कातडीकडचा रक्तपुरवठा आवळून घेतं, आतले अवयव वाचवायला. पण हायपोथर्मिया फार वाढला की तो आवळलेला पुरवठा सुटतो, गरम रक्त एकदम कातडीकडे येतं आणि गारठून मरायला टेकलेल्या माणसाला अंगाची आग होतेय असं वाटतं. डोकं तोवर चालेनासं झालेलं असतं, मग जॅकेट काढ, बूट काढ सुरू होतं. डॉक्टर लोकांना हे चांगलं माहितीये. आणि बऱ्याचदा याच्या पुढची पायरी म्हणजे तो माणूस कुठेतरी फटीत, ओंडक्याखाली, झुडपात घुसून बसतो. आता हेलिकॉप्टरमधून तो कसा दिसणार?

दुसरं म्हणजे "ती जागा शोधून झालीये" याचा अर्थ तिथे कोणी नाही असा होत नाही. एका फेरीत माणूस दिसण्याची शक्यता आम्ही आकड्यात धरतो. समजा ७० टक्के धरली, तर तो तिथे असूनही न दिसण्याची ३० टक्के उरतेच, दुसरी तशीच फेरी मारली तरी ९ टक्के शिल्लक. आणि ७० हा आकडा मोकळ्या मैदानासारख्या जागेत धरायचा, दाट झाडीत बेशुद्ध पडलेल्या माणसाला धरलात तर आमचे लीडर हसतील. लहान मुलं तर हाका ऐकून पण गप्प बसतात, अनोळखी माणसं ओरडत येतायत म्हणून घाबरून लपतात.

चष्मेबद्दूर
पॅटर्नबद्दल मी बोलतो. हवा बिघडली म्हणून माणूस वाट चुकतो, हवा बिघडली म्हणून हेलिकॉप्टर उडत नाही, पावसाने माग धुतले जातात, कुत्र्याला वास मिळत नाही. म्हणजे ज्या केसेस सुटत नाहीत त्यांच्यात खराब हवा जास्त असणारच ना? चांगल्या हवेत हरवलेला संध्याकाळपर्यंत सापडतो आणि त्याच्यावर कोणी व्हिडिओ काढत नाही. मोठे दगड आणि पाणी म्हणाल तर डोंगरात दुसरं असतं काय. आधी निवडून केसेस गोळा करायच्या आणि मग त्या सारख्या दिसतात म्हणून आश्चर्य करायचं, हा धंदा आहे.

रानभूल
दोन केसेस सांगते म्हणजे अंदाज येईल. २०१३ ला मेन राज्यात अ‍ॅपलाचियन ट्रेलवर (डोंगरातली लांबलचक पायवाट) एक ६६ वर्षांच्या बाई लघवीसाठी ट्रेल सोडून आत गेल्या आणि परत वाटच सापडली नाही. नवऱ्याला मेसेज करायचा प्रयत्न केला पण सिग्नल नाही, म्हणून रेंजसाठी उंचावर चढल्या आणि तिथेच तंबू लावून थांबल्या. तीन आठवड्यांहून जास्त जिवंत होत्या, डायरी लिहीत होत्या. सापडल्या २०१५ मध्ये, ट्रेलपासून ३ किलोमीटरच्या आत. मेन काही मोकळं वाळवंट नाही, तिथे दहा पावलांवरचं दिसत नाही इतकी झाडी.

आणि आता वाळवंटाचं. १९९६ च्या जुलैत एक जर्मन कुटुंब, दोन मोठे दोन मुलं, डेथ व्हॅलीत गायब. ऑक्टोबरमध्ये भाड्याची व्हॅन एका दुर्गम घळीत मिळाली, टायर फुटलेले, माणसांचा पत्ता नाही. अपहरणापासून मुद्दाम पळून गेले इथपर्यंत सगळ्या थिअऱ्या झाल्या. मग एका रिटायर्ड इंजिनिअरने त्यांच्या जागी बसून विचार केला की नकाशावर दक्षिणेला लष्करी हद्द दिसतेय, युरोपातल्या माणसाला वाटणार तिथे कुंपण असेल, पहारा असेल, मदत मिळेल. प्रत्यक्षात तिकडे काहीच नाही. २००९ ला तो त्याच बाजूला गेला आणि अवशेष सापडले. तेरा वर्षं लोक रस्त्याच्या आसपास शोधत होते कारण शहाणा माणूस रस्त्याकडेच जाईल असं त्यांना वाटत होतं. उन्हाने तापलेल्या, पोरांना घेऊन निघालेल्या बापाचं डोकं तसं चालत नाही.

दोरखंड
@रानभूल अगदी हेच. शोध चुकतो तो बहुतेक वेळा इथेच, आपण आपल्या डोक्याने शोधतो. स्टीव्ह फॉसेट या साहसी वैमानिकाची केस पण बघा. २००७ ला नेवाडातून छोटं विमान घेऊन उडाला, फ्लाइट प्लॅन दिलाच नव्हता. प्रचंड शोध झाला आणि त्यात आधी कोणालाच माहीत नसलेले दुसऱ्याच विमानांचे जुने सांगाडे सापडले, त्याचं विमान नाही! पुढच्या वर्षी एका ट्रेकरला त्याची ओळखपत्रं पडलेली दिसली तेव्हा कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडाच्या डोंगरात विमान मिळालं. अख्खं विमान दिसत नाही तिथे माणसाचं काय घेऊन बसलात.

अजून एक, दिशेची खूण दिसत नसेल तर माणूस सरळ चालूच शकत नाही. २००९ मध्ये जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संस्थेच्या लोकांनी प्रयोग केला होता, जर्मनीच्या जंगलात आणि सहारात माणसांना जीपीएस लावून सरळ चालायला सांगितलं. सूर्य दिसत होता तोवर ठीक, ढग आले की लोक गोल गोल फिरले, आणि त्यांना स्वतःला वाटत होतं आपण सरळच चाललोय.

निशाचर_७
ओके, हे सगळं पटतंय, खास करून हवेचा मुद्दा. पण १९६९ ची ग्रेट स्मोकी माउंटन्सची केस? सहा वर्षांचा मुलगा, मोठ्यांना दचकवायला झुडपामागे लपला आणि तिथून गायब. त्यात ग्रीन बेरे पण आले होते. एका पोरासाठी कमांडो?

दोरखंड
ते जवळपास ट्रेनिंगला होते म्हणून आले, त्यात काही गूढ नाही. त्या केसमध्ये घात केला तो दोन गोष्टींनी. त्याच संध्याकाळी मुसळधार पाऊस, आणि मग मदतीला आलेली गर्दी, एका टप्प्यावर १४०० च्या आसपास माणसं त्या डोंगरात. असतील नसतील त्या सगळ्या खुणा त्यांच्याच बुटांखाली गेल्या. आता शोध घेताना आधी थोडी तरबेज माणसं आणि कुत्री आत सोडतात, बाकीच्यांना बाहेर थांबवतात, ते असल्याच केसेसमधून शिकून.

चष्मेबद्दूर
पण मुलगा मिळाला का शेवटी?

दोरखंड
नाही. अस्वल, दरी, अपहरण, सगळं बोलून झालंय, पुरावा एकाचाही नाही. त्या केसचं उत्तर माझ्याकडे नाही आणि जो व्हिडिओवाला आहे म्हणतो त्याच्याकडेही नाही.