‘आंतरराष्ट्रीय’ कोण? गुन्हा, कोर्ट की न्यायाधीश?

प्रश्नकर्ती

मंडळी, शंका आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये बांगलादेशच्या माजी पंतप्रधान शेख हसीनांना ढाक्यात फाशीची शिक्षा सुनावली तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी टाकलं, "आंतरराष्ट्रीय कोर्टाचा निकाल आहे, आता भारताला त्यांना द्यावंच लागणार." मी म्हटलं काका ते हेगचं कोर्ट नाही, बांगलादेशचंच आहे, तर त्यांनी बातमीचा फोटोच पाठवला, त्यात छापलेलं ‘आंतरराष्ट्रीय गुन्हे न्यायाधिकरण’. मी गप्प. त्यात नेमकं सध्या आफ्रिकेतल्या चाड देशाचा हुकूमशहा हाब्रे याच्या खटल्यावरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय आणि तिथे दर दोन ओळींनी अडतेय. न्यायाधिकरण, लवाद, खंडपीठ यातलं काय कुठे वापरायचं? आणि ‘पदच्युत हुकूमशहा’ म्हणायचं की ‘पायउतार झालेला’?

मुद्रितशोधक

ताई, काकांची चूक नाही हो, विशेषणाची आहे. ‘जुन्या पुस्तकांचं दुकान’ आणि ‘पुस्तकांचं जुनं दुकान’ यात जुनं काय ते आपल्याला लगेच कळतं, कारण ‘जुना’ला रूपं होतात. ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द वाकतच नाही, त्यामुळे तो गुन्ह्यांना लागलाय की न्यायाधिकरणाला हे कळायला मार्गच नाही. ते न्यायाधिकरण 1973 च्या बांगलादेशी कायद्याने चालतं, 1971 च्या युद्धातल्या गुन्ह्यांसाठी तो कायदा केला होता, न्यायाधीश बांगलादेशी, कोर्ट बांगलादेशी, आंतरराष्ट्रीय काय ते फक्त गुन्ह्यांचे प्रकार. ‘आंतरराष्ट्रीय गुन्ह्यांसाठीचं न्यायाधिकरण’ असं छापलं असतं तर तुमच्या घरचा वाद वाचला असता, पण मथळ्यात तेवढी जागा कोण देतो.

लवाद मात्र इथे नको. आपल्याकडे ट्रायब्युनल दिसलं की लवाद लिहायची सवय आहे, पाणीतंटा लवाद, हरित लवाद वगैरे. पण लवाद म्हणजे मुळात दोघांनी मिळून नेमलेला तडजोड करणारा माणूस. हजारो माणसं मारणाऱ्याशी कसली तडजोड?

पायउतार होतो तो स्वतः, घोड्यावरून उतरल्यासारखा. पदच्युत करतात. पेरूचे राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी यांनी 2000 मध्ये जपानमधून फॅक्सने राजीनामा पाठवला म्हणजे ते पायउतार व्हायला निघाले होते, पण संसदेने तो राजीनामा नाकारून त्यांना हाकललं आणि पदच्युत केलं. एकाच माणसावर दोन्ही शब्द!

वकील

शब्दांचं ठीक आहे पण मूळ प्रश्न राहतोच ना, की अशा लोकांचा खटला कुणी चालवायचा. माझं स्पष्ट मत, घरच्या कोर्टात नको. काल ज्याच्या नावाने थरथरायचे आज त्याच्यावरच निकाल द्यायचा, तोही नवीन सत्ताधाऱ्यांच्या डोळ्यांदेखत, म्हणजे सूडच. रोमानियाचा हुकूमशहा चाउसेस्कू, त्याचं 1989 च्या नाताळच्या दिवशी काय झालं, तासाभरात खटला आणि लगेच गोळ्या. इराकच्या सद्दामला दुजैल गावातल्या 148 लोकांच्या हत्येच्या केसमध्ये डिसेंबर 2006 मध्ये फाशी दिली, तेव्हा कुर्दांच्या अनफाल हत्याकांडाची केस अजून चालूच होती. तो गेला, त्याच्यावरचे आरोप तिथेच संपले. कुर्दांना त्याच्याविरुद्ध निकाल मिळालाच नाही. शिवाय फाशीच्या तख्तावर टोमणे मारतानाचा मोबाईल व्हिडिओ जगाने बघितला. याला न्यायालय म्हणायचं का हीच खरी शब्दचर्चा आहे.

मुद्रितशोधक

वकीलसाहेब, पटतं, पण अर्धंच. सर्बियाचा मिलोसेविच 2001 मध्ये हेगला, युगोस्लाव्हियासाठीच्या खास न्यायाधिकरणात नेला, 2002 ला ट्रायल सुरू झाली आणि मार्च 2006 मध्ये तो कोठडीतच मेला, निकाल नाहीच. म्हणजे घाईने सद्दामच्या केसची माती केली आणि निवांतपणाने याच्या. आणि तुमच्या घरच्या कोर्टांनाही सरसकट झोडू नका, फुजिमोरींना लिमामधल्या पेरूच्याच न्यायाधीशांनी 2009 मध्ये 25 वर्षं दिली आणि तिथे कुणी सूड म्हणून बोट ठेवावं असा प्रकार झाला नाही.

आता ताईंचा हाब्रे. हिसेन हाब्रे 1982 ते 1990 चाडचा सत्ताधीश, अमेरिका आणि फ्रान्सचा लाडका कारण लिबियाच्या गद्दाफीशी लढत होता. त्याच्या राजकीय पोलिसांचा एक तुरुंग राजधानी एनजामेनामध्ये होता, नाव ‘ला पिसीन’, म्हणजे स्विमिंग पूल. फ्रेंचांच्या काळातला खराखुरा तलाव, वर काँक्रीटची स्लॅब टाकून खाली कोठड्या पाडल्या. ताई, हे नाव भाषांतरात ‘जलतरण तलाव’ करू नका हो, नगरपालिकेचं उद्घाटन वाटतं. ‘तलाव’ एवढंच ठेवा.

1990 मध्ये बंडखोर इद्रिस देबीने हाकलल्यावर हा गेला डाकारला, सेनेगलमध्ये, आणि तिथे आरामात राहिला. पुढे चाडच्या चौकशी आयोगाने मेलेल्यांचा अंदाज 40,000 सांगितला. सुलेमान गेंगेंग नावाचा एक हिशेबनीस तुरुंगातून कसाबसा जिवंत सुटला होता, त्याने एकेकाला गाठून 792 लोकांच्या हकिकती लिहून घेतल्या आणि घरात लपवून ठेवल्या, कारण हाब्रेची माणसं नव्या सरकारातही होतीच. मला सगळ्यात जास्त हेच आवडतं. एवढी कोर्टं, करार, ठराव, आणि मुळाशी काय तर एका कारकुनी हाताने भरलेले कागद.

मग 2000 मध्ये पीडितांनी सेनेगलमध्ये तक्रार केली आणि तिथून जे सुरू झालं त्याला खटला नाही, खटलंच म्हणायला पाहिजे, गावाकडे मोठ्या एकत्र कुटुंबाला म्हणतात तसं. सेनेगलची कोर्टं म्हणाली आम्हाला अधिकार नाही. बेल्जियमने 2005 मध्ये वॉरंट काढलं. आफ्रिकी संघाने 2006 मध्ये सेनेगलला सांगितलं की आफ्रिकेच्या वतीने तुम्हीच चालवा. चाडच्या कोर्टाने 2008 मध्ये वेगळ्याच प्रकरणात गैरहजेरीत फाशी सुनावून टाकली. शेवटी बेल्जियमच्या अर्जावर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 2012 मध्ये सेनेगलला सांगितलं, चालवा नाहीतर सोपवा. (हे देशादेशांचे वाद सोडवणारं कोर्ट. माणसांवर खटले चालवणारं ते आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय, तेही हेगलाच, आणि त्याला 1 जुलै 2002 च्या आधीचे गुन्हे बघताच येत नाहीत, त्यामुळे हाब्रे त्याच्या हाताबाहेरच होता. काकांना हे दोन्ही एकच वाटणार, तयारीत राहा.)

प्रश्नकर्ती

हो तिथेच तर अडलंय. ज्या कोर्टाने शेवटी चालवलं त्याचं नाव शब्दशः ‘असाधारण आफ्रिकी कक्ष’ असं होतं. कक्ष म्हटलं की अतिदक्षता कक्ष आठवतो. आणि लेखात त्याला हायब्रिड कोर्ट म्हटलंय, मी ‘संकरित न्यायालय’ केलं तर नवरा म्हणाला बियाणं आहे की जर्सी गाय.

मुद्रितशोधक

नवरा बरोबर बोलतोय! मिश्र न्यायालय म्हणा. आणि कक्षाच्या जागी बिनधास्त ‘खंडपीठ’ लिहा. आपल्याला मुंबई हायकोर्टाची नागपूर, औरंगाबाद, गोवा इथली खंडपीठं माहितीये, कोर्ट तेच पण बसतं वेगळ्या गावी. हे प्रकरणही तसंच, सेनेगलच्या न्यायव्यवस्थेच्या आतच बसवलेलं, आफ्रिकी संघाशी करार करून, मुख्य न्यायाधीश बुर्किना फासोचे आणि बाजूला दोघे सेनेगलचे. ‘विशेष आफ्रिकी खंडपीठ’. आंतरराष्ट्रीयही आणि शेजारचंही.

आणि वकीलसाहेब, माझं म्हणणं हेच आहे, की राष्ट्रीय की आंतरराष्ट्रीय हा प्रश्नच त्या न वाकणाऱ्या विशेषणाने आपल्या गळ्यात मारलाय. विचारायचं ते असं, की साक्षीदार तिथवर पोचेल का आणि न्यायाधीशाला आरोपीची भीती वाटेल का. 2015 मध्ये हाब्रे कोर्टात यायलाच तयार नव्हता, तोंड झाकलेल्या रक्षकांनी हातापायाला धरून उचलून आणला, खुर्चीत धरून बसवला, पांढरे कपडे, डोक्याला फेटा, काळा गॉगल, पुढे कित्येक महिने एक अक्षर बोलला नाही. आणि समोर साक्षीदार, बरेचसे चाडहून आलेले, वय झालेले, एकेक करून नव्वदवर जण बोलून गेले. मे 2016 मध्ये जन्मठेप. 2021 मध्ये कोरोनाने मेला, कैदी म्हणूनच.

वकील

भरपाईचं काय झालं तेही लिहा की मग. 2017 च्या अपिलात 82 अब्जांहून जास्त सीएफए फ्रँक (तिकडचं चलन) ठरले आणि लोक वर्षानुवर्षं वाट बघत बसले. तुमच्या खंडपीठाला वसुली जमली नाही.

मुद्रितशोधक

मान्य. निकालपत्र आणि वसुली हे दोन शब्द आपल्याकडच्या कोर्टातही एकमेकांना क्वचितच भेटतात.

एक राहिलं, ‘मानवतेविरुद्ध गुन्हा’. मराठीत मानवता म्हटलं की माणुसकी, म्हणजे दयामाया आठवते, मग तो गुन्हा निव्वळ निर्दयपणा वाटतो. मूळ अर्थ सगळ्या मानवजातीविरुद्धचा गुन्हा असा आहे, आणि म्हणूनच बेल्जियमचा न्यायाधीश चाडच्या माणसावर वॉरंट काढू शकतो. माणुसकी लिहिलंत तर वाचक विचारणार, बेल्जियमचा काय संबंध. तेव्हा ‘मानवजातीविरुद्ध’च लिहा.

प्रश्नकर्ती

लिहिलं. लेख काल दिला. संपादकांनी ‘मानवजातीविरुद्ध’ ठेवलंय, ‘तलाव’ ठेवलाय, आणि ‘विशेष आफ्रिकी खंडपीठ’ खोडून ‘आंतरराष्ट्रीय लवाद’ केलंय. काकांना कात्रण पाठवत नाहीये.